इक्वेडोर: गॅलापागोसच्या आधी थोडं थांबा (अनुभव धागा)

आम्हाला इक्वेडोरच्या राजधानीत, क्विटोत (इथली माणसं कीतो म्हणतात) येऊन तीन वर्षं झाली. दर दोन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो, ताई आम्ही गॅलापागोस बघायला येतोय, क्विटोत एक रात्र झोपणार आणि सकाळच्या विमानाने पुढे. दरवेळी माझा जीव तुटतो. अख्खा देश आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा लहानच, पण त्यात पॅसिफिकचा किनारा आहे, बर्फाचे ज्वालामुखी आहेत, अ‍ॅमेझॉनचं जंगल आहे, आणि ती बेटं तर आहेतच. म्हणून हा धागा. जे येऊन गेलेत, शिकायला-कामाला राहिलेत त्यांनी लिहा. ठिकाणांची यादी कुठेही मिळते, तुम्ही तिथे काय केलंत, काय खाल्लंत, काय चुकलं ते सांगा.

सुरुवात मी करते. क्विटो २८५० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे पहिले दोन दिवस जिना चढतानाही दम लागणार, तेव्हा ते दोन दिवस जुन्या शहरातच घालवा. ला कोम्पान्या नावाचं चर्च १६०५ ला बांधायला घेतलं आणि १६० वर्षं काम चाललं, आत छतापासून खालपर्यंत सोन्याचा वर्ख आहे, आपल्याकडे देवळात गेल्यावर जसे आपोआप गप्प होतो तसं होतं. पण माझं लाडकं आहे बासिलिका. युरोपातल्या चर्चच्या भिंतींवर राक्षसांची तोंडं असतात ना, तिथे यांनी इग्वाना, कासवं, आर्माडिलो बसवलेत, त्यांच्या मातीतले प्राणी. आणि मग कुठल्याही मंडईत जा. भाजीवालीला 'वेसी' म्हणायचं, म्हणजे शेजारीण, आणि सामान घेऊन झालं की म्हणायचं 'ला यापा?' यापा म्हणजे मापावरचं थोडंसं जास्त, आपण भाजी घेतल्यावर वर कोथिंबीर मागतो तसं. शब्द किचवा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे. पहिल्यांदा एका आजीने हसून दोन लिंबं जास्त टाकली तेव्हा मला या शहरात आल्यावर पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

विषुववृत्ताचं स्मारक शहराबाहेर आहे, तीस मीटर उंच. जीपीएसने बघितलं तर खरी रेषा सुमारे २४० मीटर बाजूला पडते, तरी जा. लेकीने शाळेत शून्य सावलीचा प्रयोग केला होता पुण्यात मे महिन्यात, इथे तो २१ मार्चला आणि २३ सप्टेंबरच्या आसपास होतो. तिला भर दुपारी स्वतःची सावली पायाखाली शोधताना बघणं हा आमचा इथला सगळ्यात आनंदाचा दिवस.

*

मी आईबाबांना घेऊन गेलो होतो, दोघंही पासष्टीच्या पुढचे. चूक आधी सांगतो म्हणजे बाकीच्यांचं टळेल. तिसऱ्याच दिवशी आम्ही किलोतोआला गेलो. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं आहे, तीनेक किलोमीटर रुंद, पाण्याचा रंग ढग सरकेल तसा हिरवा-निळा बदलत राहतो, पण कडाच ३९०० मीटरवर. खाली उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो म्हणून उत्साहाने उतरलो आणि वर येताना बाबांचं डोकं इतकं ठणकायला लागलं की मध्येच बसले. खेचरं मिळतात भाड्याने, त्यावर बसवून आणलं. वर एका छोट्या खानावळीतल्या बाईंनी न विचारता दालचिनी घातलेलं गरम गोड पाणी आणून दिलं, बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले अरे हे तर गुळाचं पाणी आहे. खरंच गूळच, इथे त्याला पानेला म्हणतात, उसाचा रस आटवून ढेपा पाडतात, अगदी कोल्हापूरला गुऱ्हाळात बघतो तसं. त्या बाईंनी आतून ढेप आणून दाखवली, आईने तिच्या हातात हात घेतला, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण बराच वेळ बोलत होत्या.

पुढे बान्योसला गेलो, ते १८०० मीटरवर, तिथे बाबा एकदम ताजेतवाने. डोक्यावर तुंगुरावा ज्वालामुखी, तो १९९९ ते २०१६ अधूनमधून पेटत होता, आणि खाली गावात दुकानाच्या दारादारात लाकडाच्या खुंटीवर उसाच्या पाकाची मेलकोचा नावाची मिठाई ओढत उभी असलेली पोरं. पाइलोन देल दिआब्लो धबधबा तिथून जवळ, अंगावर तुषार घेत खडकाच्या कपारीतून वाकून जायचं, गुडघे ठीक असतील तर चुकवू नका. सांगायचं एवढंच, आधी कमी उंचीची गावं करा, किलोतोआ आणि कोतोपाक्सी ज्वालामुखी शेवटी ठेवा, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

*

आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. आमच्या भागातले बाराजण मिळून अभ्यास दौरा केला होता माचाला भागात. केळी पिकवण्यात भारत जगात पहिला पण निर्यातीत पहिला इक्वेडोर, हे ऐकून होतो, म्हटलं एकदा डोळ्यांनी बघू. घड झाडावरून उतरला की जमिनीला टेकतच नाही, बागेतून तारेची लाइन गेलेली असते तिला टांगून थेट पॅकिंग शेडपर्यंत ओढत नेतात, तिथे टाकीत धुऊन फण्या करून अठरा-एकोणीस किलोच्या खोक्यात. एका केळीला डाग नाही. बागेत शिरताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात, पनामा रोगाची (केळी मारणारी मातीतली बुरशी) धास्ती, हे आपल्याकडे प्रत्येक बांधावर व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळच्या नाश्त्याला कच्ची केळी उकडून कुटून त्यात चीज घालून मोठा गोळा देतात, बोलोन म्हणतात त्याला, आमच्यातल्या माळकऱ्यांची त्याने मोठी सोय झाली.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. परत जाताना आम्ही रिओबांबावरून गेलो आणि चिंबोराझो बघितला. ६२६३ मीटर. एव्हरेस्टपेक्षा उंचीने कमी, पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असल्यामुळे पृथ्वीच्या केंद्रापासून सगळ्यात लांब टोक हेच. गाडी ४८०० मीटरपर्यंत जाते, खाली माळावर विकुन्या चरत असतात, हरणासारख्या, एके काळी इथून संपल्या होत्या त्या १९८८ मध्ये परत आणून सोडल्या. आणि त्या डोंगरावरून बर्फ फोडून, गवतात गुंडाळून, गाढवावर लादून बाजारात आणणारा शेवटचा माणूस होता बाल्ताझार उश्का, वडिलांपासून आलेलं काम, आयुष्यभर केलं. रिओबांबाच्या मंडईत त्या बर्फाचा सरबत मिळायचा. २०२४ मध्ये ते गेले. शेतकऱ्याला या माणसाची गोष्ट लगेच समजते. डोंगराकडे बघताना मी टोपी काढली.

*

मिंदो! कुणीच कसं लिहिलं नाही. क्विटोपासून दोन तासांवर ढगातलं जंगल. या देशात हमिंगबर्डच्या सुमारे १३० जाती आहेत, एका घराच्या परसात साखरपाण्याच्या बाटल्या टांगल्या होत्या तिथे तासाभरात मी अकरा मोजल्या, कानाजवळून जातात तेव्हा पंखांचा आवाज येतो भुर्रर्र. आपल्या अंगणातला शिंजीर तो वेगळा, तो बसून रस पितो, हे हवेत एका जागी थांबून. पहाटे चारला उठून कॉक ऑफ द रॉक नावाच्या पक्ष्याचा नाच बघायला जा, लालभडक नर एकत्र जमून ओरडतात. चिखल असतो, गमबूट तिथेच भाड्याने मिळतात.

*

मी शिकायला होते क्विटोत, दीड वर्ष. मला ठिकाण सांगता येणार नाही, दिवस सांगते. २ नोव्हेंबर.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझे बाबा गेले होते आणि मी तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ऑक्टोबर संपत आला की इथे बेकऱ्यांमध्ये पावाची बाळं दिसायला लागतात, ग्वाग्वा दे पान, ग्वाग्वा म्हणजे किचवात बाळ, दुपट्यात गुंडाळल्यासारखा आकार आणि वर साखरेचे रंगीत डोळे-तोंड. त्याच्याबरोबर कोलादा मोरादा, काळ्या मक्याचं पीठ, मोरा नावाची आंबट बेरी, अननस, दालचिनी, लवंग सगळं शिजवून केलेलं जांभळं दाट पेय, गरम गरम. मला वाटलं खाऊ आहे. घरमालकीणबाई म्हणाल्या चल, आणि शहराच्या उत्तरेला काल्देरोनच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. तिथे किचवा कुटुंबं आपापल्या माणसाच्या थडग्यापाशी कापड अंथरून बसली होती, डबे उघडले होते, बटाटे, मका, भात, त्या माणसाला आवडायचं ते, आणि त्याच्याशी बोलत होती, यंदा पाऊस कमी झाला, धाकटीचं लग्न ठरलं, असं. रडारड नाही. शेजारच्या थडग्यावरून आमच्याकडे ताट आलं, आमच्याकडून त्यांच्याकडे पाव गेला.

आजी सर्वपित्रीला पान वाढून कावळ्याची वाट बघायची तेव्हा मला लहानपणी ते कळायचं नाही. त्या दिवशी मी पावाच्या बाळाचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला आणि मराठीत बाबांना सांगितलं की परीक्षा बरी गेली. तुम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर कुठेही असा, कोलादा मोरादा प्या, आणि कुणी बोलावलं तर जा. फोटो काढू नका एवढंच.

*

वरचं वाचून थांबलो होतो थोडा वेळ. 

मी क्वेन्का शहराबद्दल दोन ओळी लिहितो. ज्याला जग पनामा हॅट म्हणतं ती मुळात इक्वेडोरची, पनामामार्गे जगात विकली गेली म्हणून नाव त्यांचं लागलं. तोकिया नावाच्या गवतासारख्या पात्यांची विणतात, युनेस्कोने २०१२ मध्ये या विणकामाचा सन्मान केला. क्वेन्काच्या आसपास बायका चालता-बोलता विणतात, बसची वाट बघताना सुद्धा हात चालू. घेणार असाल तर थेट विणणाऱ्यांच्या संघाकडून घ्या, घासाघीस करू नका, बारीक विणीच्या एका टोपीत कित्येक आठवडे गेलेले असतात.

*

प्रश्न: आम्ही दोघं शाकाहारी, डिसेंबरात जायचा विचार आहे. जेवणाचे हाल होतील का? लस, सुरक्षितता वगैरे कुणी सांगेल का?

*

धागा काढणारीच उत्तर देते. मेनेस्त्रा मागा, मसूर किंवा राजम्याची दाट उसळ भाताबरोबर, ते तुमचं वरण-भात. लोक्रो दे पापा म्हणजे बटाटा-चीजचं सूप, वर अ‍ॅव्होकाडो. यापिंगाचो म्हणजे चीज भरलेली बटाट्याची टिक्की. 'सिन कार्ने' (मटण नको) बरोबर 'सिन पोयो' (चिकन नको) पण सांगा, कार्ने म्हणजे इथे बीफ असाच अर्थ घेतात. प्रत्येक टेबलावर आही असते, मिरचीची चटणी, जिभेला आधार.

लसीचं नीट ऐका. इक्वेडोरहून भारतात परतताना यलो फीव्हरचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. पैसे अमेरिकन डॉलर, २००० सालापासून हेच चलन आहे, सुट्टे जवळ ठेवा.

सुरक्षितता: २०२४ च्या जानेवारीपासून परिस्थिती नाजूक झालीय, किनाऱ्याकडे ग्वायाकिल आणि एस्मेराल्दासला जास्त. तिथे उगाच फिरू नका, रात्रीचा लांबचा प्रवास टाळा, निघायच्या आधी ताज्या सूचना वाचा. इथल्या साध्या माणसांनी त्या वर्षी खूप सोसलं, शेवटी शेवटी तर दुष्काळाने धरणं आटली आणि दिवसाला चौदा तासांपर्यंत लोडशेडिंग होतं, आमची गल्ली मेणबत्तीवर चालत होती आणि तरी कोपऱ्यावरची वेसी यापा द्यायचं विसरली नाही.

*

कुयाबेनो, अ‍ॅमेझॉन, चार रात्री. लागो आग्रिओ गावापर्यंत रस्त्याच्या कडेने तेलाची पाइपलाइन सोबत येते, घरांच्या दारातून जाते, ते बघून वाईट वाटतं. मग होडीत बसलो आणि दोन तासांनी फक्त पाणी आणि झाडं. गुलाबी डॉल्फिन दिसले, पाठ एवढीच. सिओना आदिवासींच्या वस्तीत एका ताईंनी आमच्यासमोर युकाचे (आपला साबुदाणा करतात ते) कंद उपटले, किसले, विणलेल्या लांब पट्टीत पिळून पाणी काढलं आणि मातीच्या तव्यावर पसरून पांढरी भाकरी भाजली, बोटांनी कडा दाबायची पद्धत हुबेहूब माझ्या मावशीची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये या देशाने मतदान करून यासुनीच्या जंगलातल्या एका पट्ट्यातलं तेल जमिनीतच राहू द्या असं ठरवलं, सुमारे ५९ टक्के लोकांनी. आमचा गाइड हे सांगताना थांबला आणि म्हणाला, मी मत दिलं. त्याचा आवाज भरून आला होता. बंद करणं कागदावर सोपं, प्रत्यक्षात हळू चाललंय हेही त्यानेच सांगितलं.

*

आता बेटांबद्दल मी लिहितो, कारण ताईंचं म्हणणं पटलं तरी गॅलापागोस म्हणजे गॅलापागोसच. जमिनीपासून हजार किलोमीटर. परदेशी माणसाला पार्कची फी २०० डॉलर झालीय २०२४ च्या ऑगस्टपासून, वर २० डॉलरचं बेटांवरच्या प्रवेशाचं कार्ड. क्रूझ परवडत नसेल तर पुएर्तो आयोरा गावात खोली घेऊन राहा, आम्ही तसंच केलं. तिथल्या मासळी बाजारात सी लायन गिऱ्हाइकासारखा ओट्याला टेकून उभा असतो. तोर्तुगा बे चालत जाता येतं, वाळूवर काळे समुद्री इग्वाना एकावर एक पडलेले, आपण बाजूने जायचं, दोन मीटरचं अंतर ठेवून. बिया, फळं काही नेऊ नका, विमानतळावर बॅग तपासतात आणि ते बरोबरच आहे.

पण मला सांगायचंय ते फ्लोरेआना बेटावरच्या पिंपाबद्दल. व्हेल पकडणाऱ्या जहाजांच्या काळापासून तिथे किनाऱ्यावर एक लाकडी पिंप आहे. आपण पत्र टाकायचं, तिकीट लावायचं नाही, आणि आधीच्यांनी टाकलेली पत्रं चाळून आपल्या गावाकडचं एखादं असेल तर घेऊन जाऊन हाताने पोचवायचं. मी चाळत होतो, जर्मनी, ओहायो, सेऊल, आणि मध्येच देवनागरीत पत्ता. सांगली. मी मिरजेचा.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी गेलो. दार एका आजींनी उघडलं. कार्ड त्यांच्या नातवाने टाकलेलं, दीड वर्षापूर्वी. त्यांनी चष्मा आणला, वाचलं, परत वाचलं, मग मला बसवून पोहे केले आणि खाऊन होईपर्यंत त्या बेटावरची कासवं केवढी असतात ते विचारत होत्या.

मीही तिथे एक टाकून आलोय. पत्ता नाशिकचा, माझ्या शाळेतल्या बाईंचा, निळ्या शाईत. इथून कुणी फ्लोरेआनाला जाणार असेल तर पिंपात तेवढं बघा.