'क्वांटम ऑफ सोलेस'ला समीक्षकांनी झोडपलं ते नेमकं कशासाठी?

गोदाकाठ:
कॉलेज रोडवरच्या आमच्या छोट्या गटात जेम्स बाँडचा 'कसिनो रॉयाल' (२००६) आणि त्याचा पुढचा भाग 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) यांच्या समीक्षांवर चर्चा ठेवायची आहे. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर पहिला नव्वद टक्क्यांच्या वर, दुसरा साठीच्या घरात. दोन वर्षांत एवढी घसरगुंडी? विचारलं की सगळे 'कटिंग (एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणं) फार फास्ट आहे' म्हणून मोकळे होतात. लोकांना दाखवायचं काय?

पंचवटीकर:
आधी त्या टक्क्याचं बघा. ते गुण नव्हेत. किती समीक्षकांना चित्रपट बरा वाटला, एवढंच त्यातून कळतं. 'ठीक आहे' म्हणणारा आणि डोक्यावर घेणारा तिथे सारखेच मोजले जातात. मेटाक्रिटिक हे दुसरं संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढतं, तिथे शंभरपैकी ८० आणि ५८ आहेत. पडझड आहेच, पण टक्के दाखवतात तेवढी नाही. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने मात्र चारवरून थेट दोन ताऱ्यांवर आणलं. बाँडचा नुसता मारधाडपटाचा नायक केला, ही त्याची तक्रार.

कटिंगसाठी 'क्वांटम'मधला सुरुवातीचा, इटलीतल्या गार्डा सरोवराकाठचा पाठलाग लावा. एकदा आवाजासह, एकदा म्यूट करून. म्यूट असताना प्रत्येकाने कागदावर कोणती गाडी कुठे आहे ते काढायचं. बहुतेकांचा कागद अर्ध्यात सुटतो. बाँडची ॲस्टन मार्टिन गडद करडी, मागच्या अल्फा रोमिओ काळ्या, त्यात संगमरवराच्या खाणीतली धूळ. पूर्ण रस्ता दिसेल असा लांबचा शॉट यायच्या आत पुढचा कट पडतो. ॲस्टनचं दार उखडतं, तेव्हा कुठे ती पटकन ओळखू येते! लगेच 'कसिनो'मधला मादागास्करचा क्रेनवरचा पाठलाग लावा. तिथे आधी उंची दाखवलीय, मग उडी.

मॅटिनी_तीनचा_शो:
यात संपाचा मुद्दा हवाच. हॉलिवूडच्या लेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला, १२ फेब्रुवारी २००८ ला मिटला. शूटिंग जानेवारीत सुरू, म्हणजे ऐन संपात. दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर आणि आपण मिळून सीन लिहीत होतो, हे बाँड झालेल्या डॅनियल क्रेगने नंतर स्वतःच सांगितलंय. कथेतले मधले दुवे तुटके वाटतात ते त्यामुळे.

पंचवटीकर:
दुव्यांपुरतं मान्य. पण कटिंगचं खापर संपावर नको. सेकंड युनिटला, म्हणजे मारधाडीचे प्रसंग वेगळे चित्रित करणाऱ्या तुकडीला, डॅन ब्रॅडली होता, 'बोर्न' या हेरपटांच्या मालिकेवाला. ती शैली ठरवून आणली होती, म्हणून तर 'बोर्नची नक्कल' असं लिहिलं गेलं. आणि याच चित्रपटातला ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझचा ऑपेराचा प्रसंग बघा. कट तिथेही भरपूर, पण कोण कुठे बसलंय हे आधी दाखवलंय आणि गोळीबारात बंदुकांचा आवाज काढून घेतलाय. माझ्या मते सगळ्यात भारी प्रसंग तोच.

सातपूरची_माई:
'खलनायक किरकोळ' हा समीक्षकांचा आक्षेप मला पटत नाही. डॉमिनिक ग्रीन तेलाच्या नावाखाली बोलिव्हियाचं पाणी अडवतो आणि सरकारला चढ्या भावाने विकायला निघतो. लंडनच्या समीक्षकाला हे फुसकं वाटू दे. गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की इथे काय रण पेटतं, ते बघितलेल्यांना विचारा! चर्चेला इथूनच सुरुवात करा, नाशकात लोक आपणहून बोलतील.

गोदाकाठ:
माई, मुद्दा घेतला. दोन्ही एकाच संध्याकाळी दाखवावेत का?

मॅटिनी_तीनचा_शो:
नको हो. १४४ आणि १०६ मिनिटं, म्हणजे चार तास दहा मिनिटं होतात, चर्चेला कोण उरणार? 'कसिनो'चा व्हेनिसमधलं घर कोसळतं तिथपासूनचा शेवट दाखवा आणि लगेच दुसरा लावा. दुसऱ्याची गोष्ट पहिल्याच्या शेवटानंतर जेमतेम तासाभराने सुरू होते. 'कसिनो'तली बाँडची प्रेयसी व्हेस्पर कोण हे माहीत नसेल तर बाँडचा राग पोकळ वाटतो, काही नकारात्मक प्रतिक्रिया त्यातूनही आल्या असतील. पडदा दहा फूट रुंद असेल तर चित्राची उंची साधारण सव्वाचार फूटच येईल, त्यामुळे मागच्या रांगा पुढे घ्या. आणि परवानगी आधी काढा. तिकीट नसलं तरी घरगुती ओटीटी सबस्क्रिप्शनवर सार्वजनिक खेळ लावता येत नाही.