पहिली ओळ कुठं गाठ पडली? ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठी अनुभव धागा

मंडळी, गेल्या रविवारी रंकाळ्यावर आम्ही चौघी बसलो होतो. भेळ संपली, वारा सुटला आणि बोलणं नेहमीसारखं पुस्तकांवर आलं. एकीनं विचारलं, "ऐतिहासिक प्रेमकथेचा शेवट तर आधीच ठाऊक असतो. मग पहिल्या ओळीवर आपण एवढा जीव का टाकतो?" दिवेलागण झाली तरी त्यावर बोलून संपेना. म्हणून हा धागा.

एक विनंती. छापलेली ओळ जशीच्या तशी उतरवू नका. ती कुठं गाठ पडली, तिनं तुमचं काय केलं, ते तुमच्या शब्दांत सांगा. कुणी स्वतः कादंबरी लिहायला घेतली असेल, तर तिची पहिली ओळ मात्र जरूर द्या.

सुरुवात मी करते. आठवीच्या सुट्टीत 'स्वामी' हातात घेतलं, माधवराव पेशवे आणि रमाबाईंवरची कादंबरी. रणजित देसाई आपल्या कोवाडचे, त्यामुळं घरात त्या पुस्तकाचा मान मोठा. पान उघडतेय तोवर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "थेऊरला रमाबाई सती गेल्या, ठाऊक आहे न्हवं?" इतका राग आला! पण मग वेगळंच घडलं. माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली १७६१ ला, वय सोळा. थेऊरला वारले १७७२ ला. हातात अकरा वर्षं. पहिल्या ओळीपासूनच मी ती अकरा वर्षं पैपैनं खर्च करायला लागले. साधं वाक्य आलं तरी मनात यायचं, अजून आहेत दोघंही. ती ओळ मला आईमुळं कळली, असं मी आजही मानते.

आता तुम्ही सांगा.

राजारामपुरी, बँकेत नोकरी

मी इंग्रजी वाचते, रीजन्सी काळातल्या प्रेमकथा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी पडला आणि १८११ पासून १८२० पर्यंत युवराजानं कारभार पाहिला, तो हा काळ. या पुस्तकांच्या पहिल्या ओळीत बहुतेक वेळा एक पत्र, एक वारसा किंवा लग्नाला नकार देणारी मुलगी असते. मला ते फार आवडतं. पहिल्याच वाक्यात कळतं की हिच्या नावावर किती पैसा आहे आणि तिला काय नको आहे.

एकदा आत्याला एका पुस्तकाची सुरुवात मराठीतून सांगत होते. तिनं विचारलं, "तवा आपल्याकडं काय चाललं हुतं?" मला सांगता येईना. शोधलं तर १८१२ सालीच करवीरकरांचा, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींचा, इंग्रजांशी तह झालेला, आणि मालवण इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं. म्हणजे तिकडं नाचाच्या दिवाणखान्यात मेणबत्त्या लागत होत्या, तेव्हा इकडं मालवणच्या किल्ल्यावरचं निशाण उतरत होतं. त्या दिवसापासून रीजन्सीचं कुठलंही पहिलं पान उघडलं की मालवण आठवतं. मालवण सोडून घाटावर आलेल्या एखाद्या घरातल्या मुलीची कथा कुणीतरी लिहावी. पहिल्या ओळीत समुद्र नसावा, नुसता त्याचा आवाज नसल्याची जाणीव असावी.

शाहूपुरी

थोडक्यात लिहितो. २०१९ चा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाचे खालचे तीन कप्पे बुडाले. बायकोला लग्नात मिळालेली कादंबरी फुगून विटेएवढी झाली होती. पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटून बसलेलं. तिनं ते सोडवलं नाही, फाटेल म्हणून. पान उन्हात धरलं की मागून अक्षरं उलटी दिसतात, आणि ती तशीच वाचते. तिला पाठ आहे, तरी वाचते.

मंगळवार पेठ, पुस्तकं बांधायचं काम

वाचनालयाचं पुस्तक दुरुस्तीला आलं की मी आधी पहिला फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा पहिला गठ्ठा, बघतो. शिलाई तिथंच सुटते, कारण लोक पहिलं पान उघडतात, उभ्या उभ्या वाचतात, नेऊ का नको ते ठरवतात. प्रेमाची ऐतिहासिक कादंबरी असेल तर हमखास. खळीत मोरचूद घालून लावतो, म्हणजे कसर धरत नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, तेव्हा आपल्या गावात पहिली पानं किती हातांखालून गेली असतील, विचार करा. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड' १८७१ मधली, म्हणजे वाचनालय कादंबरीहून थोरलं.

जुन्या पुस्तकांची सुरुवात बऱ्याचदा सारखीच: तिन्हीसांज, घाट, दोन स्वार. नवे वाचक नाकं मुरडतात. मला ती सुरुवात घरच्या उंबऱ्यासारखी वाटते. स्वार कोण ते कळायच्या आधीच आपण त्यांच्याबरोबर निघालेलो असतो.

कसबा बावडा, शिक्षक

मी लिहितोय, चार वर्षं झाली. मिरज–कोल्हापूर आगगाडी १८९१ ला सुरू झाली, कथा त्याच्या आदल्या वर्षीची. पहिली ओळ देतो:

"आगगाडी सुरू झाली की मी येतो, असं ती म्हणाली त्याला तीन पावसाळे झाले होते, आणि रूळ आता कुठं रुकडीपर्यंत आले होते."

पुण्यातल्या एका मित्राला पाठवली. त्यानं 'येतो'भोवती लाल गोल केला. "ती म्हणाली ना? मग 'येते' हवं." मी दोन दिवस 'येते' करून बघितलं. ओळ मेली. आमच्या घरी आई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, आजीही तशीच बोलायची. 'येते' म्हणणारी मुलगी माझ्या नायकाला सोडून कधीच गेलेली नाही, ती कुणी दुसरीच आहे. वाचणारा अर्धा क्षण थबकेल, म्हणेल बाई की पुरुष? थबकू दे. त्या अर्ध्या क्षणात त्याला कोल्हापूर ऐकू येईल.

मित्र अजून मानत नाही. मी शब्द बदलणार नाही.

गंगावेश (आजी बोलल्या, नातीनं लिहून घेतलं)

आमचे मालक म्हशी घिऊन दूध कट्ट्यावर जायचे. रात्री परतायला उशीर. मी पोरांना निजवून वाचत बसायचो. शाळा सातवीपतोर, पन वाचायचा नाद लई. एकदा रद्दीतनं एक कादंबरी मिळाली, पेशवाईतली. म्होरली चार पानं न्हाईतच. पाचव्या पानावर ती पोरगी वाड्याच्या मागल्या दारात हुभी हाय आन् हातात ओली वेणी. कुणाची वाट बघती, का बघती, कायबी कळंना.

मग मीच पयली ओळ केलो. "त्या दिवशी विहिरीवर तिनं त्याला पानी पाजलं आन् नाव इचारायचं राहिलं." रोज पुस्तक उघडायच्या आधी मनात ती ओळ म्हणायचो आन् मग पाचव्या पानावर जायचो. पोरं मोठी झाली, मालक गेले, पुस्तक कवाच इस्कटलं. ओळ ऱ्हायली. ही नात ल्हान असताना तिलाबी तशीच सांगितलो, ती म्हनायची पुस्तकातलीच हाय.

गेल्या म्हैन्यात हिनं ती कादंबरी अख्खी शोधून आणली. कोरी, चार पानांसकट. मला म्हणाली, "आजी, पहिली ओळ वाचून दाखवू काय?"

मी म्हटलो, थांब. आदी माझी सांगतो, मग तुझी वाच.