वर्गणी घेणारा मदत ग्रुप खरा आहे का, हे कुठे तपासायचं?

डोंबिवलीची_सून
नमस्कार. आमच्या आणि आजूबाजूच्या इमारतींमध्ये मिळून एक मदत ग्रुप चालतो. महिन्याच्या सुरुवातीला घरटी पाचशे रुपये आणि जमेल तेवढं धान्य घेतात. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शिधा वाटतो म्हणतात, वाटपाचे फोटोही टाकतात. सासूबाई पेन्शनमधून नेमाने देतात. परवा मी पावती नीट पाहिली. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं पावतीपुस्तक, वर रबरी शिक्का, त्यात ग्रुपचं नाव, "नोंदणीकृत" आणि एफने सुरू होणारा नंबर, पुढे ठाणे. पॅन नाही, पत्ता नाही. क्यूआर स्कॅन केला तर ॲडमिनचं स्वतःचं नाव आलं. विचारलं तर म्हणाले, "ताई, विश्वास नसेल तर देऊ नका." आता ग्रुपवर सगळ्या माझ्याशी तुटक बोलतायत. भांडण न करता हे कसं तपासू?

ठाणे_पश्चिम
तपासताय कशाला? बंद करा. द्यायचंच असेल तर एकदा स्वतः जव्हारला जाऊन शाळेत वह्या देऊन या.

जमाखर्च_सांगली
पेन्शनवरच्या सासूबाई जव्हारच्या एसटीत बसणार होय?

मी विश्वस्त संस्थांचे हिशेब लिहितो. तालमीपासून वाचनालयापर्यंत सगळ्यांची दप्तरं हाताखालून गेलीत. ताई, ते "विश्वास नसेल तर" मनावर घेऊ नका. हिशेब विचारला की खऱ्या संस्थेचा खजिनदार खूश होतो, एरवी त्याच्याकडं कोण बघतंय?

एफ नंबर म्हणजे संस्था १८६०च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडं नोंदलेली. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधा. सापडली तरी तिथं थांबू नका. नोंदणी हा जन्मदाखला आहे, माणूस आज हयात आहे का ते त्यावरून कळत नाही. विश्वस्त निम्मे वारलेले आणि शिक्का कुणाच्या तरी पुतण्याच्या खणात, अशा संस्था आमच्याकडं ढिगानं आहेत. म्हणून धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला परिशिष्ट एकचा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, तिथं दाखल करावा लागतो. पावतीवर सही करणारा त्यात कुठंच नसेल तर त्याला पैसे गोळा करायला कुणी सांगितलं, हे विचारा.

मग गेल्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. समजा पन्नास घरं पाचशे रुपये देतात. वर्षाचे तीन लाख झाले. कागदावर देणग्या साठ हजार दिसल्या तर पुढचा प्रश्न विचारायला सीए व्हावं लागत नाही.

क्यूआरवर माणसाचं नाव येणं मला सगळ्यात जास्त खटकतं. संस्थेचा पैसा संस्थेच्या नावाच्या खात्यात गेला पाहिजे, विषय संपला. "खातं उघडायचं चाललंय" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं.

८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, आहे का, तेही विचारा. सासूबाईंना कर बसत नसेल तर त्यांना सवलतीचा उपयोग नाही, पण ८०जी असलेल्या संस्थेला देणगीदारांची यादी दरवर्षी आयकर खात्याला कळवावी लागते. म्हणजे कुणीतरी नोंद ठेवतंय. दर्पण पोर्टलचा, म्हणजे नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचा, नंबर दाखवतील, त्यानं भारावून जाऊ नका. तिथं नाव आहे म्हणजे नीती आयोगानं पाठ थोपटली असं नाही.

आता दुसरी बाजू. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पाणी, चादरी, बिस्किटं घेऊन आलेल्या कितीतरी पोरांच्या ग्रुपची कुठंच नोंदणी नव्हती. (जुने कपडेही आले, त्यांचे ढीग पडले, तो विषय वेगळा.) तेव्हा नोंदणी नाही म्हणजे चोर, असं मी म्हणणार नाही. पण अशी वर्गणी गोळा करायला त्याच १९५०च्या कायद्यात कलम ४१ क आहे. गणपती मंडळं धर्मादाय कार्यालयातून परवानगी काढतात ना, तीच. नंतर हिशेब द्यावा लागतो. तुमचा ग्रुप नुसता शेजाऱ्यांचा असेल तर तो कागद मागा.

न्यू_जर्सी_मराठी
आमच्याकडेही असे मेसेज येतात. मी भारतीय पासपोर्टवर आहे, बायको अमेरिकन नागरिक. आम्ही असं पाठवलं तर चालतं का?

जमाखर्च_सांगली
तुमचे स्वतःचे पैसे बँकेतून गेले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. वहिनींचे धरतात, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी. त्यासाठी संस्थेकडं एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गल्लीतल्या ॲडमिनला वहिनींकडून परस्पर डॉलर पाठवू नका, तुमच्यापेक्षा तोच जास्त अडकेल.

डोंबिवलीची_सून
काका, नंबर सापडला! पण तो एका क्रीडा मंडळाचा आहे, शिक्क्यावरचं नाव वेगळंच. ॲडमिनना फोन केला तर म्हणाले, मंडळ आमच्या मित्राचंच आहे, तो हो म्हणालाय. रविवारी मंडळाच्या ऑफिसात बोलावलंय, पासबुक दाखवतो म्हणाले. फसवणूकच म्हणायची का ही?

जमाखर्च_सांगली
लगेच नाही. हा आळसही असू शकतो, मी दोन्ही बघितलंय. पण मित्र हो म्हणाला म्हणून संस्थेचा नंबर उसना घेता येत नाही. मंडळानं ठराव केला होता का? मंडळाच्या घटनेत उद्देश काय लिहिलेत? कबड्डी आणि व्यायामशाळा एवढंच असेल तर मंडळाला शिधावाटपावर खर्च दाखवता येणार नाही, आणि तो ऑडिटमध्येही आलेला नसणार. मग तुमच्या सासूबाईंचे पैसे ना मंडळाच्या दप्तरात, ना ग्रुपच्या.

रविवारी एकट्या जाऊ नका, दोन देणगीदार बायका बरोबर घ्या. पासबुक कुणाचं दाखवतात ते आधी बघा. ॲडमिनचं असेल तर त्यात त्याचा पगार, गाडीचा हप्ता आणि वर्गणी एकत्र मिसळलेली असणार, ते चाळून काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा किराण्याची बिलं मागा. बिलावर दुकानाचं नाव, तारीख, तांदूळ किती किलो. मग ग्रुपवर टाकलेला त्या महिन्याच्या वाटपाचा फोटो उघडा आणि पिशव्या मोजा. शिधा घेणाऱ्यांची सह्या-अंगठ्यांची यादी आहे का, तेही बघा.

बिलं निघाली तर त्यांना सांगा, ४१ कचा अर्ज करा आणि दोघांच्या सहीचं वेगळं खातं उघडा. टाळाटाळ झाली तर ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पावतीची झेरॉक्स जोडा, आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोवर सासूबाईंना म्हणावं, तांदूळ द्या, पाचशेची नोट राहू द्या.