टीव्हीवरची रेसलिंग तुमची कधी सुटली?

लाईट गेले, अंडरटेकर या रेसलरच्या एंट्रीची घंटा वाजली की अंगावर काटा यायचा. आता समोर मॅच चालू असते आणि मी मोबाईल बघत असतो. भांडण वगैरे काही नाही, सगळं ठरलेलं असतं हे शाळेतच कळलं होतं, तरी बघतच होतो की. तुमचं कसं झालं, लिहा.

—

माझं टप्प्याटप्प्याने. रॉ हा दर आठवड्याचा शो २०१२ पासून तीन तासांचा झाला तिथून सुरुवात. आधी अख्खा बघायचो, मग फॉरवर्ड करत, मग युट्यूबवर हायलाईट्स, मग नुसता रिझल्ट वाचायचा आणि एके दिवशी लक्षात आलं की चॅम्पियन कोण आहे तेच माहीत नाही! तेच दोघं तिसऱ्या आठवड्यात परत भिडणार, मधे कोणीतरी येऊन खुर्ची घालणार, मॅच रद्द. किती वेळा बघायचं?

—

रेसलमेनिया ३०, वर्षातला सगळ्यात मोठा शो, २०१४. तिथे अंडरटेकर तोवर एकदाही हरला नव्हता. लेस्नरने त्याला आपला ठेवणीतला डाव, एफ-फाईव्ह, तिसऱ्यांदा मारला, पिन, आणि स्क्रीनवर २१-१, एकवीस विजय आणि हा पहिला पराभव. स्टेडियम चिडीचूप. मला वाटलं रेफरीची चूक असेल, आता मॅच परत सुरू करतील. ती काही झाली नाही. बघत राहिलो त्यानंतरही, पण नुसतं सवयीने.

—

माझं उलट, मला ते खोटं वाटेना म्हणून सुटलं. १९९८ चा हेल इन अ सेल, म्हणजे छत असलेल्या पिंजऱ्यातली मॅच, अंडरटेकरने मॅनकाईंडला पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकलं ती मॅच लहानपणी कितीदा बघितली असेल, ओरडत, टाळ्या वाजवत. परवा कंबर धरली होती म्हणून पडल्या पडल्या परत लावली. या वेळी त्याच्या दुसऱ्या पडण्याकडे लक्ष गेलं, पिंजऱ्याचं छत तुटून तो रिंगमध्ये पडतो आणि वरची खुर्ची त्याच्याबरोबर खाली येते. निकाल ठरलेला असेल हो, जमीन तर खरीच ना. बंद केली.

—

पोराला कौतुकाने बोलावलं, ये तुला अंडरटेकर दाखवतो. लावली नेमकी २०१९ ची गोल्डबर्गबरोबरची. एक ५४ चा, दुसरा ५२ चा, दोघं धापा टाकतायत, उचलायला जातायत आणि नीट उचलता येत नाहीये. पोरगा दोन मिनिटं बघत राहिला, मग म्हणाला, "बाबा, यांना बसू दे ना थोडं."