नानांच्या गोळ्या कोणीही परस्पर आणून देऊ नयेत

साधना, सी-५०२ (सायं. ७:१०)
सर्वांना नमस्कार. मंगळवारी सकाळी माझे सासरे नाना लिफ्टसमोर पडले, त्यानंतर ते दारू पिऊन पडले असे सोसायटीच्या या ग्रुपवर जे लिहिले गेले ते मी तीन दिवस वाचते आहे, आणि आता गप्प बसणे मला शक्य नाही. नानांनी आयुष्यात कधी दारूला हात लावलेला नाही. त्यांना भोवळ आली ती दुखण्यावरच्या गोळ्यांमुळे. ऑगस्ट २०२२ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी त्यांना दिवसाला २ याप्रमाणे १५ दिवसांसाठी लिहून दिली होती. आज ते दिवसाला ८ घेतात. काल त्यांचे कपाट आवरताना बीपीच्या यंत्राच्या रिकाम्या खोक्यात मला ११ स्ट्रिपा सापडल्या आणि त्यांच्या खाली तीच जुनी चिठ्ठी होती, घडीवर फाटू नये म्हणून लॅमिनेट करून घेतलेली. इतक्या गोळ्या आल्या कुठून, असे विचारल्यावर नाना म्हणाले, "शेजारी चांगले आहेत, कोणी ना कोणी आणून देते." म्हणून हात जोडून विनंती आहे की यापुढे नानांच्या गोळ्या कोणीही परस्पर आणून देऊ नयेत. हे सर्व मी नानांना विचारूनच लिहीत आहे.

कुलकर्णीकाका, बी-३०४ (७:१६)
फार वाईट वाटले. परंतु मूळ दोष मेडिकलवाल्याचा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर तो गोळ्या देतोच कसा? अन्न व औषध प्रशासनाकडे सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार गेलीच पाहिजे.

रोहन, सी-२०३ (७:१९)
साधनावहिनी, मी मनापासून क्षमा मागतो. गेल्या सहा महिन्यांत ऑफिसातून येताना मी चार-पाच वेळा त्यांना स्ट्रिप आणून दिली आहे. जिने उतरवत नाहीत, असे ते म्हणाले म्हणून मी ते म्हाताऱ्या माणसाचे काम समजून केले. आणखीही कोणी आणत असेल हे माझ्या मनातही आले नाही.

जगतापवहिनी, डी-४०१ (७:२१)
आमच्याकडूनही दोनदा गेली आहे. आणि वॉचमनकडूनही जात असावी.

सचिव, ए-१०१ (७:२४)
वॉचमनला यात ओढू नये. सदस्यांची खासगी कामे त्याने करू नयेत असा ठराव होऊनही सदस्य त्याला पाठवतात, हा मुद्दा मी मागच्या सभेतच मांडला होता.

साधना, सी-५०२ (७:२७)
सचिवसाहेब, ठरावाचा विषय आपण काढलाच आहे, तर मंगळवारी दुपारी आपण "आवारात मद्यप्राशन करून येणाऱ्या ज्येष्ठांच्या कुटुंबीयांनी काळजी घ्यावी" असे लिहिले होते, त्याचीही आठवण करून देते. ७६ वर्षांचा माणूस जमिनीवर पडलेला असताना त्याला उचलण्याआधी त्याच्या तोंडाचा वास घेतला गेला, हे आम्ही विसरू शकणार नाही.

सचिव, ए-१०१ (७:३३)
तो संदेश मी काढून टाकला आहे. नाव घेतलेले नव्हते, तरीही दुखावले गेले असल्यास दिलगीर आहे.

कुलकर्णीकाका, बी-३०४ (७:३४)
मेडिकलवाल्याच्या तक्रारीचा मसुदा कोण करणार आहे? माझी पहिली सही.

अमोल, बी-६०१ (७:३६)
आमच्या घरी मोबाइलची गोळी सर्वांना लागू पडली आहे, तिच्यावरही उपाय सुचवा. 😄

देशपांडेकाकू, ए-४०२ (७:३८)
अमोल, हा विषय विनोदाचा नाही. कृपया तो संदेश काढ.

अमोल, बी-६०१ (७:३९)
काढला. चुकले, काकू.

शिंदेकाका, डी-१०३ (७:४८)
मी ३४ वर्षे सरकारी रुग्णालयात औषधनिर्माता होतो, त्यामुळे कायद्याचे थोडे सांगू शकतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी "पुन्हा द्यावे" असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर औषध नियमांनुसार ती चिठ्ठी एकदाच वापरता येते. ट्रॅमाडॉल हे एच-१ या अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका यादीत आहे, जी मार्च २०१४ पासून लागू झाली. त्यातील औषध विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि किती गोळ्या दिल्या याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती ३ वर्षे जपावी लागते. शिवाय एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले आहे. स्ट्रिपवरची लाल रेघ आणि लाल चौकटीतली सूचना सर्वांनी पाहिली असेल, फक्त वाचली नसेल. तेव्हा कुलकर्णींचा मुद्दा खरा आहे. परंतु चार जण चार वेगवेगळ्या दुकानांतून एकेक स्ट्रिप आणत असतील, तर कोणत्याही एका दुकानाच्या वहीत ८ गोळ्या दिसणार नाहीत. त्या एकत्र फक्त आपल्याच इमारतीत होत होत्या.

कुलकर्णीकाका, बी-३०४ (७:५०)
म्हणजे नियम मोडलेलाच आहे. तक्रार गेलीच पाहिजे, हे मी सुरुवातीपासून सांगत आहे.

साधना, सी-५०२ (७:५५)
काका, तक्रार जरूर करू. पण आज रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. घरातल्या स्ट्रिपा मी कुलूप लावून ठेवल्या आहेत आणि आजपासून गोळी पूर्ण बंद करायची, असे आम्ही ठरवले आहे. मागच्या महिन्यातही मी तसे केले होते, तेव्हा दुसऱ्या रात्री नानांचा सदरा घामाने पिळून निघाला. नाक वाहत होते, एकामागून एक जांभया येत होत्या, अंगावर काटा उभा राहत होता आणि पाय तर ते क्षणभर एका जागी ठेवू शकत नव्हते. आम्हाला वाटले की साथीचा ताप आहे. पहाटे चार वाजता त्यांनी रडत एक गोळी मागितली, मी दिली, आणि पाऊण तासात सगळे शांत झाले. तेव्हाही माझ्या लक्षात आले नाही.

डॉ. मेघना, बी-७०२ (७:५८)
साधना, कृपया आज गोळ्या पूर्ण बंद करू नकोस. मी रुग्णालयातून निघते आहे, घरी येऊन बघते. तोपर्यंत रात्रीची नेहमीची मात्रा त्यांना तुझ्या हाताने दे. मात्र ते पेंगत असतील, बोलणे जड येत असेल किंवा श्वास संथ वाटत असेल, तर गोळी न देता लगेच मला फोन कर.

डॉ. मेघना, बी-७०२ (रात्री ९:४०)
नानांना पाहून आले. ते ठीक आहेत. त्यांच्याच परवानगीने सर्वांसाठी लिहिते, कारण मी भूलतज्ज्ञ आहे आणि ही औषधे रोज हाताळते. साधना, तू वर्णन केलेस तो ताप नव्हता, औषध अचानक तुटल्यावर शरीराने केलेली ती मागणी होती. ट्रॅमाडॉल अफूवर्गीय औषधांसारखे काम करते, आणि त्याशिवाय मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनावरही परिणाम करते, म्हणून ते एकदम थांबवल्यास घाम, जुलाब आणि तळमळीबरोबर काहींना भीतीचे झटकेही येतात. शरीर सरावले की पूर्वीची मात्रा पुरेनाशी होते आणि माणूस २ वरून ८ वर कसा गेला हे त्यालाही सांगता येत नाही. नानांच्या ८ गोळ्यांमध्ये ३०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल होते, जी पंचाहत्तरीनंतरची कमाल मर्यादा आहे. मात्रा वाढली, किंवा नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर ते घेतले, तर आकडी येण्याचाही धोका असतो.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. शरीर औषधावर अवलंबून असणे आणि व्यसन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिनोन्महिने रोज घेणाऱ्या कोणाच्याही शरीराला ही सवय लागते, मग तो माणूस कितीही निग्रही असो. नानांनी गोळ्या लपवल्या हे चिंतेचे आहे, परंतु त्यांनी त्या मौजेसाठी घेतल्या नाहीत, आणि १५ दिवसांनंतर "आता कसे आहे?" असे विचारायला कोणीही त्यांना परत बोलावले नाही. वर्षाहून अधिक काळ घेतलेले औषध साधारण महिन्याला १० टक्के या गतीने उतरवलेले शरीराला जास्त मानवते. काही महिने लागतील.

माने, बी-२०५ (९:४८)
मी तर गेली दहा वर्षे साधीच दुखण्याची गोळी रोज घेतो, चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही. तिची सवय लागत नाही ना?

डॉ. मेघना, बी-७०२ (९:५३)
माने, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या गोळ्यांची तशी सवय लागत नाही, पण रोज घेतल्यास जठरात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आपल्याला रक्तदाबाच्या गोळीबरोबर लघवीची गोळीही चालू आहे, असे आपणच सांगितले होते. या तिघींचे एकत्र येणे मूत्रपिंडासाठी विशेष घातक असते. या आठवड्यात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी, करून घ्या.

जगतापवहिनी, डी-४०१ (९:५६)
माझे डोके तर रोजच दुखते आणि रोजच गोळी लागते.

डॉ. मेघना, बी-७०२ (१०:०१)
वहिनी, मग डोकेदुखी गोळीमुळेच टिकून आहे का, हे पाहावे लागेल. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र किंवा अफूवर्गीय गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर औषधच डोकेदुखी टिकवून ठेवू शकते. उद्या माझ्याकडे या.

देशपांडेकाकू, ए-४०२ (१०:०८)
हे सर्व वाचून कोणी उद्या अशा प्रत्येक औषधाला विष म्हणू लागू नये, एवढे मला म्हणायचे आहे. आमच्या ह्यांना कर्करोग होता. मॉर्फिनची सवय लागेल म्हणून नातेवाइकांनी मला इतके घाबरवले की मी शेवटचे कित्येक आठवडे त्यांना ते देऊ दिले नाही, आणि ते भिंतीकडे तोंड करून कण्हत राहिले. पुढे समजले की अशा रुग्णांना हे औषध सुलभपणे मिळावे म्हणूनच २०१४ मध्ये कायदा बदलला होता. उपाय हातात असताना त्यांनी ते दुखणे सोसले, आणि त्यात माझाही हात होता.

डॉ. मेघना, बी-७०२ (१०:११)
काकू, तुम्ही लिहिलेत ते फार मोलाचे आहे. त्या दुखण्यात ते औषध हवेच होते.

कुलकर्णीकाका, बी-३०४ (१०:१५)
सर्व मान्य. तथापि मेडिकलवाल्यावर कारवाई झाल्याशिवाय हे थांबणार नाही. आणि नानांना काही दिवस व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणे त्यांच्याच हिताचे नाही का?

साधना, सी-५०२ (१०:१७)
काका, गेल्या दिवाळीत आपल्या मुलानेही नानांना दोन स्ट्रिपा आणून दिल्या होत्या. मी आतापर्यंत नाव घेतले नव्हते.

शिंदेकाका, डी-१०३ (१०:२२)
आता हे इथेच थांबवा. केंद्राचे नाव अपमान म्हणून घेऊ नये, कुलकर्णी. १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी आपल्याच पुण्यात मुक्तांगण सुरू केले, ते माणसाला कमी लेखण्यासाठी नव्हे. गरज पडली तर तिथेही जाऊ. १४४४६ ही सरकारी मदतवाहिनीही आहे. पण आधी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, वेदनातज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून गुडघ्याच्या दुखण्याला दुसरा आधार द्यावा, मग गोळी उतरवावी. दुखणे तसेच ठेवून गोळी काढली, तर ते आणखी एखाद्या शेजाऱ्याला विचारतील.

कुलकर्णीकाका, बी-३०४ (१०:३०)
मुलाने आणल्या हे मला खरोखर माहीत नव्हते. साधना, मी उद्या सकाळी घरी येऊन नानांना भेटतो.

साधना, सी-५०२ (१०:३४)
या काका. चहाला या.

साधना, सी-५०२ (१०:४१)
पुढचा संदेश नाना सांगत आहेत आणि मी लिहीत आहे.

"सर्वांस नमस्कार. कोणावरही माझा राग नाही, मागितल्या मीच. पहिली दोन वर्षे मला वाटे की गुडघा दुखतो म्हणून गोळी घेतो. पुढे गुडघा दुखत नसतानाही चार तासांनी हात खोक्याकडे जाई, आणि ते सुनेला सांगण्याची मला लाज वाटे. लॅमिनेट केलेली चिठ्ठी आज डॉ. मेघनाकडे देऊन टाकली आहे. स्ट्रिपा सुनेकडे राहतील, मोजून ती देईल. रोहन, सोमवारी मी तुझ्याजवळ २०० रुपये दिले आहेत, त्याच्या गोळ्या आणू नकोस. मला पहाटे चारला जाग येते आणि पाय स्थिर राहत नाहीत, तेव्हा घरात सर्वांची झोपमोड होते. त्या वेळी कोणी जागे असल्यास मला खाली बागेत दोन फेऱ्यांना सोबत हवी आहे."

माने, बी-२०५ (१०:४६)
नाना, मी चारलाच उठतो. लिफ्टने एकटे उतरू नका, मी वर येऊन दार वाजवतो.