वसुली थांबवायची तर आधी वसुलीचीच रक्कम भरा?

खटपट्या
कोर्टाच्या हुकूमनाम्याविरुद्ध (निकालावरून निघालेल्या आदेशाविरुद्ध) अपील दाखल केलं की वसुली थांबते, असं अजूनही कितीतरी पक्षकार धरून चालतात. थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम ५ सुरुवातीलाच ते सांगतो. स्टे, म्हणजे वसुलीला स्थगिती, वेगळा अर्ज करून मागावा लागतो. माझा आक्षेप त्यापुढचा आहे. १९७६ च्या दुरुस्तीपासून पैशाच्या हुकूमनाम्यात वादातली रक्कम भरा किंवा तारण द्या, नाहीतर एरवी स्टे नाही (नियम १(३) आणि ५(५)). मालाच्या बिलापोटी १२ लाखांचा हुकूमनामा झालेल्या दुकानदाराकडे १२ लाख रोख पडून असतात का? तोवर गोदामातला माल लिलावात मातीमोल जातो. पुढे अपील जिंकलं तर कलम १४४ खाली पैसे परत येतील, पण बसलेलं दुकान उठत नाही.

दरखास्तदार
आणि ज्याचा माल घेऊन बिल थकवलं, त्याच्या दुकानाचं काय? पैशाच्या हुकूमनाम्याला एरवी स्टे नको, कारण पैसे परत करता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सिहोर नगर पालिका प्रकरणात सांगून ठेवलंय. हिशेबच मांडा. हुकूमनाम्यानंतरचं व्याज कलम ३४ प्रमाणे साधारण ६ टक्के, म्हणजे १२ लाखांवर वर्षाला ७२ हजार. एवढ्या स्वस्तात बिनतारणी पैसा कोणती बँक देते? तारणाशिवाय स्टे म्हणजे जिंकलेल्याच्या खिशातून हरलेल्याला कर्ज.

खटपट्या
व्यापारी व्यवहाराला ६ टक्क्यांचं बंधन नाही, कराराच्या दरापर्यंत जाता येतं. उदाहरण बिलाचंच आहे.

दरखास्तदार
जाता येतं, जावंच लागतं असं नाही. आणि हुकूमनाम्यात पुढच्या व्याजाचा उल्लेखच नसेल तर ३४(२) प्रमाणे ते नाकारलं असं धरतात. मग दर शून्य.

नाझरखाना
दोघंही ‘भरा’वर अडलात, ‘किंवा तारण’ राहिलं. जमीन देणार असाल तर ताजा सातबारा, मूल्यांकन आणि ऐपतीचा दाखला जोडा. इतर हक्कात बँकेचा बोजा असेल तर ते तारण समोरचा वकील पहिल्याच तारखेला उडवतो. बँक गॅरंटी उत्तम, पण तिला मुदत असते. नूतनीकरण विसरलं की समोरचा स्टे उठवायला अर्ज टाकतो.

बहुतेक अर्ज मात्र तारणावर नाही, वेळेवर मरतात. निकाल लागला की त्याच कोर्टात आदेश ४१ च्या नियम ५(२) खाली तात्पुरता स्टे मागा, अपिलाची मुदत संपायच्या आत. जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. निकालाच्या नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात खरे, पण तेवढे दिवस दरखास्त (समोरच्याची वसुलीची कारवाई) थांबत नाही. मुदत चुकवून विलंबमाफीचा अर्ज घेऊन गेलात तर नियम ३अ आडवा येतो: अपील ऐकायचं की नाही हे ठरेपर्यंत स्टेच नाही.

आणखी एक. स्टेचा हुकूम खालच्या कोर्टाला कळवल्यापासून लागू होतो. कोर्टाचा बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन निघालाय आणि हुकूम अजून वरच्या कचेरीतच पडलाय, अशा वेळी अपीलदाराने स्वतःच्या माहितीवर प्रतिज्ञापत्र करून खालच्या कोर्टात द्यावं. हुकूम पोचेपर्यंत त्या कोर्टाने त्यावर वागायचं असतं. प्रतिज्ञापत्र बेलिफच्या हातात कोंबून उपयोग नाही.

खटपट्या
मान्य. पण रक्कम भरली तरी व्याजाचा मीटर चालूच, हे कुठलं न्यायाचं?

नाझरखाना
स्टेसाठी ठेवलेली अनामत म्हणजे फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केलं. मीटर थांबवायचा असेल तर आदेश २१, नियम १ प्रमाणे फेड म्हणून भरा आणि समोरच्याला नोटीस द्या. नोटीस बजावल्यापासून व्याज बंद. अनामतच ठेवायची असेल तर ती राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गुंतवावी, अशी विनंती अर्जातच करा.

दरखास्तदार
आणि ती रक्कम गॅरंटी देऊन उचलायची परवानगी आम्ही मागणारच. बाकी, तारणाचा एवढा त्रास वाटत असेल तर सरकारकडे बघा: आदेश २७, नियम ८अ मुळे त्यांच्याकडून तारणच मागत नाहीत. लवादाच्या निवाड्यांत ही सवलत नाही, हे ठरायला २०१९ उजाडलं.

खटपट्या
तिथे तुमच्याशी वाद नाही. पण ‘आठ आठवड्यांत भरा’ असा सशर्त हुकूम झाला आणि सहाव्या आठवड्यात निम्मीच रक्कम जमली, तर?

नाझरखाना
जमली तेवढी लगेच भरा आणि मुदतवाढीचा अर्ज आठवा आठवडा संपायच्या आत टाका. कलम १४८ मध्ये मुदतवाढीचे एकूण ३० दिवसच लिहिलेत. नवव्या आठवड्यात गेलात तर आधी ‘स्टे उरलाय का’ यावरच युक्तिवाद करत बसाल, आणि तेवढ्यात बँक खातं गोठलेलं असेल.