मदत हवी आहे: लोरियाँ ते मुंबई, जुलै १९४३. इंधन पुरत नाही, आणि वहीत काय लिहावं ते सुचत नाही

नमस्कार मंडळी,

प्रश्न दोन आहेत. पहिला गेमचा, दुसरा त्या गेममुळे पडलेला. मला जास्त टोचतोय तो दुसरा, पण पहिला सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं सायलेंट हंटर ३ हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचा गेम खेळतोय, वर एक मोठा मॉड (खेळाडूंनीच केलेली भर) चढवलेला आहे. अटलांटिकमधली दोन करिअर झाली. या पावसाळ्यात तिसरं सुरू केलं आणि ठरवलं, की या वेळी एका खऱ्या बोटीच्या तारखा धरून चालायचं. बोट, म्हणजे जर्मन पाणबुडी, निवडली यू-१६८, जात टाइप नऊ सी/४०, कप्तान हेल्मुट पिख. जुलै १९४३च्या सुरुवातीला ही बोट फ्रान्सच्या लोरियाँ बंदरातून निघाली, आफ्रिकेला वळसा घालून अरबी समुद्रात आली आणि नोव्हेंबरात मलायातल्या पेनांगला लागली. टेबलावर एक लाँगबुक ठेवलंय. डाव्या पानावर खरी बोट, उजव्या पानावर माझी.

यू-१६८ ज्या ताफ्यात होती त्याला जर्मनांनी नावच ‘मॉन्सून’ दिलं होतं. पावसाळा संपता संपता अरबी समुद्रात पोचायचं, असा बेत. का, ते हर्णैच्या कोणत्याही कोळ्याला विचारा. नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालत नाहीत. त्या लाटांत पेरिस्कोप तरी कसा स्थिर राहणार? एकूण ११ बोटी या मोहिमेवर धाडल्या, हिंदी महासागरात काम करायला पोचल्या पाचच. एक माघारी फिरली, बाकीच्या वाटेत बुडवल्या गेल्या, बहुतेक विमानांकडून. वाटेत इंधन देणार होती ती यू-४८७ सुद्धा १३ जुलैला गेली. शेवटी सप्टेंबरात मॉरिशसच्या आग्नेयेला ब्राके नावाच्या टँकरने उरलेल्यांना तेल दिलं.

प्रश्न पहिला. नऊ सी/४०चा पल्ला १० नॉटने (ताशी १० सागरी मैल) साधारण १३,८५० सागरी मैल. केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून मुंबई साडेदहा हजारांच्या आसपास पडते, म्हणजे कागदावर जमतं. मी मात्र लोरियाँसमोरच्या बिस्केच्या उपसागरात विमानांच्या भीतीने पूर्ण वेगाने पळालो, पुढेही १२ नॉटवरच राहिलो, आणि केपला पोचलो तेव्हा टाकीत ३६ टक्के. ब्राके माझ्या गेममध्ये नाही. तिला आणता येईल का? आणि बिस्के पार करायची नेमकी रीत काय?

प्रश्न दुसरा. इंधन अमर्याद ठेवून एकदा सराव म्हणून मुंबईसमोर गेलो होतो. गेममधली तारीख १ ऑक्टोबर, रात्र. काचेवरून पाणी ओघळतंय, समोर एकच नळकांडं असलेली प्रवासी बोट, दिवे बंद. अशा वेळी नेम नळकांड्याच्या बरोबर खाली धरायचा. भट्टीखोली तिथे असते, तिथे लागलं की बोट लवकर जाते. तुम्ही खेळत असाल तर तुम्हीही तिथेच धरता. टॉर्पेडो सोडला, घड्याळ लावलं, ७० सेकंदांनी आवाज आला, थोड्या वेळाने संदेश: जहाज बुडाले, इतके टन. वहीत आकडा लिहायला पेन उचललं आणि लिहवेना.

माझ्या आजीचे थोरले भाऊ, घरात सगळे त्यांना दादामामा म्हणत, आगवाले होते. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर भट्टीत कोळसा ओढायचं काम. सगळी लढाई त्यांनी पाण्याच्या पातळीखालच्या त्या खोलीत काढली. घरी परत आले, ऐंशीच्या घरात जाऊन वारले. पण आमच्या घरात ते कधी माजघरात झोपले नाहीत. कायम ओटीवर, पावसाची झड आत येत असली तरी. आजी म्हणायची, “अरे, आत ये.” ते म्हणायचे, “हयच बरा.” याच्या पलीकडे त्या वर्षांबद्दल ते कधी बोलले नाहीत. मी नेम धरत होतो तो त्यांच्या खोलीवर.

मग वाचत गेलो. नेताजी पाणबुडीतून गेले हे शाळेत शिकलो होतो. फेब्रुवारी १९४३मध्ये कीलहून यू-१८०मध्ये बसले, बरोबर आबिद हसन. २८ एप्रिलला मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यातून जपानी आय-२९वर गेले. लहानपणी हे ऐकताना अंगावर काटा यायचा, आजही येतो. पण हीच आय-२९ त्याआधी पाच महिने, २३ नोव्हेंबर १९४२ला, तिलावा बुडवून गेली होती. तिलावा ब्रिटिश इंडियाचीच बोट, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली, ९५८ माणसं, बहुतेक आपलीच. पहिल्या टॉर्पेडोनंतर बोट तरंगत राहिली म्हणून काही जण होड्यांतून परत वर चढले, आणि मग दुसरा आला. २८० गेले. वाचलेल्यांना घेऊन एचएमएस बर्मिंगहॅम २७ तारखेला मुंबईला परतली. या दोन्ही गोष्टी एकाच बोटीच्या आहेत. मी त्या वहीत एकाखाली एक लिहिल्यात आणि रोज वाचतो.

तर हवंय ते असं: डाव्या पानावर बुडालेल्या प्रत्येक खऱ्या बोटीवरच्या माणसांची नावं लिहायची आहेत. यू-१६८ने २ ऑक्टोबर १९४३ला मुंबईच्या पश्चिमेला हैचिंग ही साधारण २,२०० टनांची बोट बुडवली, तिथून सुरुवात करीन. कप्तानांची नावं सगळीकडे मिळतात. सारंग (खलाशांचा मुकादम), तांडेल (त्याच्या हाताखालचा), आगवाले, भंडारी (स्वयंपाकी) यांची कुठे मिळतील?

डीझेलवाला:
केपला ३६ टक्के म्हणजे सेव्ह सोडून दे, परत लोरियाँपासून निघ. उष्ण कटिबंधात पोचलास की एकच डीझेल इंजिन, सात-आठ नॉट. नॅव्हिगेटरला दर दोन दिवसांनी ‘या वेगाने पल्ला किती’ विचार आणि वहीत टीप. आकडा खाली यायला लागला की वेग उतरव. टाइम कॉम्प्रेशनमुळे (गेममधला वेळ भरभर पळवता येतो) आपल्याला कंटाळा दिसत नाही, खऱ्या खलाशांनी तो चार महिने भोगला.

बिस्केसाठी: मे १९४३पासून जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झचा हुकूम होता की दिवसा पाण्यावर राहायचं आणि विमान आलं तर तोफांनी लढायचं. जुलैत त्याने इतक्या बोटी गेल्या की ऑगस्टच्या सुरुवातीला तो हुकूम मागे घेतला. इतिहास धरून चालायचं तर दोन-तीन बोटींच्या गटाने जावं लागेल, गेममध्ये तू एकटाच आहेस. मी असतो तर दिवसभर खाली, रात्री बॅटरी भरण्यापुरता वर. चार-पाच दिवस जास्त लागतील, तेल मात्र वाचेल.

ब्राकेचं सोपं आहे. मॉडवाले पुरवठा बोट ही समुद्रात ठेवलेला तळ म्हणूनच मांडतात. मोहिमेच्या फायलीत एका तळाची नोंद कॉपी करून मॉरिशसच्या आग्नेयेचे अक्षांश-रेखांश घाल, तारखा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापुरत्या ठेव. मूळ फाइल आधी बाजूला काढून ठेव.

आणि एक. विजेवर चालणाऱ्या टॉर्पेडोच्या बॅटऱ्या त्या उकाड्यात खराब होत, या ताफ्याने त्याचा फार त्रास काढला. खरेपणा हवा असेल तर मुंबईसमोर तीनातला एक फुकट गेला असं धर.

बंदरावरची:
दादा, तुमचा दुसरा प्रश्न वाचून लॉगिन केलं. माझे पणजोबा तांडेल होते.

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशा अविभाजित हिंदुस्थानच्या नौदल आणि व्यापारी बोटींवरच्या साधारण साडेसहा हजार जणांच्या नावांची वही तिथल्या स्मारकाची आहे. तशीच दुसरी वही चितगावला, कारण बरेच खलाशी त्या बाजूचे होते. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर हीच नावं शोधता येतात, आणि बऱ्याच नोंदींत बोटीचं नाव, हुद्दा, कधी बापाचं आणि गावाचंही नाव असतं. स्पेलिंगवर विसंबू नका. इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय, एकच आडनाव चार प्रकारे सापडेल. बोटीच्या नावाने शोधा.

तिलावाचे प्रवासी मात्र या वहीत नाहीत, ती खलाशांची वही आहे.

मूळ लेखक:
दोघांचेही मनापासून आभार. डीझेलवाला, काल रात्री लोरियाँहून परत निघालो. बिस्के आठ दिवसांत पार, टाकीत ९१ टक्के, एक इंजिन बंद. ब्राकेची नोंद घातली आहे, चालते का ते महिनाभराने कळेल.

बंदरावरची ताई, संकेतस्थळावर काल पहाटे दोनपर्यंत बसलो होतो. ब्रिटिश इंडियाच्या एका बोटीच्या यादीत आमच्या शेजारच्या गावचा एक आगवाला निघाला, वय १९. बापाचं नाव आहे. आमच्याकडे त्या आडनावाची दोनच घरं आहेत, दिवाळीत जाईन तेव्हा विचारीन. डाव्या पानावर पहिलं नाव त्याचं लिहिलं.

होममध्ये जायला आधी परवानगी लागते का, आणि शनिवारी आत सोडतात का? पुण्याहून यायचंय, म्हणून विचारतो.